दिवस बुडायच्या आत

गेल्या वर्षीची २२ नोव्हेंबरची संध्याकाळ. धाकट्या जावेच्या घरी गेले होते. तिची सून चार महिन्यांच्या लेकराची आई, लेकरू अजून अंगावर पिणारं. पोरीने दुपारपासून पाणी गाळलं, आमटी केली, घेवड्याची भाजी केली, चौदा भाकऱ्या थापल्या. सासऱ्यांना, नवऱ्याला, दिराला, आम्हा बायकांना वाढलं. मधेच लेकरू रडलं म्हणून त्याला पाजलं. मग आपलं ताट घेऊन चुलीकडेच्या भिंतीला टेकून बसली. पहिला घास मोडला तेवढ्यात दारातून तिच्या आजेसासूबाईंचा आवाज आला.

"घड्याळ बघितलंस काय गं? दिवस बुडाला. आता कसलं जेवण?"

पोरगी हळूच म्हणाली, "आजी, परसात ऊन आहे की अजून."

"ऊन नको बघू. बस्तीतला कागद बघ. पाच एकेचाळीसला सूर्यास्त लिहिलाय. आता किती वाजले?"

पाच सत्तेचाळीस वाजले होते. पोरीने घास ताटात ठेवला, हात धुतले, ताट झाकलं आणि उठली. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. उठून परसदारी गेले. त्यांचं घर गावाच्या पश्चिम कडेला. मागे कापून झालेलं भाताचं शेत, आणि त्या शेतावर पिवळंधमक ऊन पडलेलं. सूर्य क्षितिजाच्या वर चांगला दिसत होता. मी तिथे उभी राहिले. तो जाईपर्यंत आणखी दहा-अकरा मिनिटं गेली. एवढ्या वेळात त्या पोरीच्या दोन भाकऱ्या खाऊन झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सूर्य ६.३८ ला उगवला. त्या घरात सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं गेल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नाही. म्हणजे सकाळचे ७.२६. आदल्या दिवशी दुपारी साडेबाराला ती जेवलेली. हिशेब करा. जवळजवळ एकोणीस तास पोटात अन्न नाही, रात्रभर पाणी नाही आणि रात्रीतून तीन वेळा लेकराला पाजणं. हे सगळं अहिंसेच्या नावावर.

माझं रात्रिभोजनत्यागाशी काही भांडण नाही, हे आधीच सांगते. नाहीतर हे वाचून कुणीतरी म्हणेल, बाई शिकली आणि बाटली. मी स्वतः वयाच्या अकराव्या वर्षापासून रात्रीचं अन्न घेत नाही. माझ्या आईने ते मला शिकवलं, आणि रागावून नव्हे, संध्याकाळी चिमणीभोवती जमलेले किडे दाखवून शिकवलं. माझं भांडण आहे ते एका कागदाशी, आणि त्या कागदाच्या आडून बायकांच्या ताटावर पहारा ठेवणाऱ्यांशी.

दुसऱ्याच दिवशी मी बस्तीत जाऊन तो कागद नीट वाचला. चांगला गुळगुळीत, रंगीत, वर भगवंतांचं चित्र, खाली बारा महिन्यांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा. २२ नोव्हेंबरपुढे ५.४१ असंच छापलेलं होतं. आजींचं काही चुकलेलं नव्हतं. मग चष्मा वर करून अगदी खालची बारीक ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं: इंदूर.

बेळगावच्या बस्तीत इंदूरचा सूर्य टांगलेला होता!

समितीतल्या एका अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, आमचे पाहुणे तिकडून आले होते, त्यांनी आणला. चांगला छापलाय म्हणून लावला. सूर्य काय इंदूरला वेगळा आणि बेळगावला वेगळा असतो काय?"

असतो, अण्णा. सूर्य एकच, पण त्याची वेळ वेगळी असते. माझी मावसबहीण शाळेत भूगोल शिकवते. तिच्याकडे मी चार संध्याकाळी बसले, पंचांगातली बेळगावची गणितं समोर घेतली आणि हे समजून घेतलं. आता तुम्हालाही सांगते, कारण हे समजायला पदवी लागत नाही. रोज तिन्हीसांजेला खिडकीतून बाहेर बघणाऱ्या बाईला तर ते अर्धं आधीच माहीत असतं.

आपलं घड्याळ चालतं ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर. १९०६ साली सगळ्या देशासाठी ती एक वेळ ठरली. बेळगाव त्याच्या आठ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा बत्तीस मिनिटं मागे चालतो. इंदूर आपल्यापेक्षा थोडं पूर्वेला, त्यामुळे तिथे पाचेक मिनिटं आधी सगळं घडतं. पण खरा फरक पडतो तो उत्तर-दक्षिणेमुळे. इंदूर आपल्या बरंच उत्तरेला आहे, आणि थंडीत जितकं उत्तरेला जावं तितका दिवस आखूड होतो. हे दोन्ही मिळून २२ नोव्हेंबरला इंदूरचा सूर्य ५.४१ च्या सुमारास मावळतो आणि बेळगावचा ५.५८ च्या सुमारास. सतरा मिनिटांचा फरक.

"सतरा मिनिटांनी काय होतं?" हे मला दोघा-तिघांनी विचारलं. तिघेही पुरुष. सतरा मिनिटांत काय होतं हे ज्याने परात कधी पुढ्यात ओढली नाही, ज्याने पीठ मळून तवा तापेस्तोवर लेकराला मांडीवर झोपवलं नाही, त्याला कसं कळणार? सतरा मिनिटांत सहा भाकऱ्या होतात. सतरा मिनिटांत एका माणसाचं पोटभर जेवण होतं. सतरा मिनिटांत बँकेतून सुटलेली पोरगी बसस्टॉपवरून घरी पोचते.

आता याच कागदाची दुसरी बाजू बघा, कारण तिथेच यातलं ढोंग उघडं पडतं. उन्हाळ्यात गणित उलटं फिरतं. उत्तरेकडे दिवस जास्त लांबतो. २१ जूनला इंदूरचा सूर्यास्त ७.१४ च्या सुमारास होतो, बेळगावचा ७.०६ च्या सुमारास. म्हणजे जूनमध्ये तो कागद बघून सात वाजून दहा मिनिटांनी ताक-भात खाणारे आमचे धर्मनिष्ठ पुरुष चक्क रात्री जेवत होते! तेव्हा कुणी कुणाला म्हणालं नाही, "दिवस बुडाला." का? कारण तेव्हा चूक सोयीची होती. तोच कागद, तीच भिंत, तीच बस्ती. उन्हाळ्यात त्याने पुरुषांना आठ मिनिटं जास्त दिली, ती कुणी मोजली नाहीत. हिवाळ्यात त्याने पोरीच्या ताटातली सतरा मिनिटं काढून घेतली, ती मात्र काटेकोर मोजली.

कागदाच्या या चुकीबरोबरच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात दुसरी एक चूक बसली आहे. माझ्याही डोक्यात होती. आपल्याला शाळेत शिकवलं की २१ किंवा २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस. ते खरंच आहे. बेळगावला त्या दिवशी सूर्य साधारण ११ तास ११ मिनिटं असतो. त्यावरून आपण धरून चालतो की सर्वांत लवकर सूर्यास्तही त्याच दिवशी आणि सर्वांत उशिरा सूर्योदयही त्याच दिवशी. हे मात्र खरं नाही.

बेळगावला सर्वांत लवकर सूर्य मावळतो तो २२ नोव्हेंबरच्या आसपास, पूर्ण महिनाभर आधी. १ ऑक्टोबरला सूर्यास्त ६.२२ ला असतो. १० नोव्हेंबरपर्यंत तो सहावर येऊन ठेपतो. चाळीस दिवसांत बावीस मिनिटं गेली. तिथून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो सहाच्या आतच राहतो. आणि २१ डिसेंबरला, ज्या दिवसाला आपण सर्वांत आखूड म्हणून घाबरतो, त्या दिवशी सूर्य ६.०५ च्या पुढे मावळतो. नोव्हेंबरपेक्षा सात मिनिटं उशिरा! संक्रांतीला, १४ जानेवारीला, तर ६.१९.

मग दिवस लहान कसा होतो? सकाळ मागे सरकते म्हणून. २२ नोव्हेंबरला ६.३८ ला उगवणारा सूर्य २१ डिसेंबरला ६.५४ ला उगवतो, आणि तिथेही थांबत नाही. जानेवारीत तो आणखी उशीर करत जातो आणि २२ जानेवारीच्या आसपास ७.०३ ला पोचतो. तो आपल्याकडचा सर्वांत उशिराचा सूर्योदय.

असं का होतं, ते मावसबहिणीने मला घड्याळ पुढ्यात ठेवून समजावलं. आपल्या घड्याळाचा दिवस बरोबर चोवीस तासांचा बांधलेला आहे. पण आज सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तिथपासून उद्या तो पुन्हा सर्वांत उंच येईपर्यंतचा वेळ वर्षभर सारखा नसतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तशी सूर्याभोवतीही पुढे सरकते, त्यामुळे सूर्य पुन्हा समोर यायला तिला एका फेरीपेक्षा थोडं जास्त वळावं लागतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेगही सर्वांत जास्त असतो. त्यात तिचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, आणि त्या कलण्याचा परिणामही डिसेंबरात त्याच बाजूने होतो. दोन्ही मिळून तेव्हा एक मध्यान्ह ते दुसरी मध्यान्ह हा वेळ चोवीस तासांपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिनिटाने जास्त भरतो. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने मध्यान्ह रोज थोडी थोडी पुढे जाते. २२ नोव्हेंबरला बेळगावची मध्यान्ह १२.१८ ला, २१ डिसेंबरला १२.३० ला. बारा मिनिटं पुढे. या महिन्यात मध्यान्हीपासून सूर्यास्तापर्यंतचा अर्धा दिवस आखडतो तो फक्त चार-साडेचार मिनिटांनी. बारा मिनिटं मिळाली, साडेचार गेली. म्हणून सूर्यास्त पुढे गेला. सकाळी मात्र दोन्ही नुकसानं एकाच बाजूला पडतात, म्हणून सूर्योदय सोळा-सतरा मिनिटांनी लांबतो.

एवढंच आहे. यात धर्माच्या विरुद्ध काही नाही. आपल्याच पंचांगांत ही गणितं वर्षानुवर्षं छापून येतात. आपण फक्त वाचत नाही.

आता कुणी म्हणेल, हा भूगोल झाला, यात बायकांचा काय संबंध? सांगते.

नोव्हेंबर म्हणजे कार्तिक. कार्तिकात अष्टाह्निका पर्व येतं. आठ दिवस विधान, पूजा, आणि बस्तीत पंगती. म्हणजे ज्या दिवसांत सूर्य वर्षात सर्वांत लवकर जातो, नेमकी त्याच दिवसांत आपल्या जेवणावळी असतात. आणि आपल्याकडे पंगतीचा क्रम काय? आधी त्यागी, ते योग्यच. मग पुरुष. मग मुलं. मग पाहुण्या बायका. आणि शेवटी वाढणाऱ्या, स्वयंपाकाला लागलेल्या, सकाळपासून पाणी गाळून हात सोललेल्या बायका. संध्याकाळची पंगत सव्वाचारला सुरू करायची ठरते, भाषणं लांबतात, पावणेपाच होतात. शेवटची पंगत बसेपर्यंत साडेपाच वाजून जातात. मग कुणीतरी माइकवर सांगतं, "वेळ झाली, आवरा." मी गेली चाळीस वर्षं बघते आहे, शेवटच्या पंगतीत भात येत नाही. नुसती पोळी-भाजी दोन घास खाऊन बायका उठतात, आणि कुणी हळहळलंच तर म्हणतात, "जाऊ दे गं, तेवढीच निर्जरा झाली." पुरुषांच्या पंगतीत कुणाची अशी निर्जरा झालेली मी अजून बघितली नाही.

डिसेंबरात मात्र सगळे जागे होतात. "दिवस लहान झालाय हं, लवकर आवरा." तोवर सूर्यास्त पुढे सरकायला लागलेला असतो. आणि जानेवारीत "संक्रांत झाली, दिवस तिळातिळाने वाढायला लागला" म्हणून सगळे निश्चिंत होतात. दिवस वाढतो हे खरं, पण संक्रांतीची वाट बघून नव्हे. २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत तो पाचेक मिनिटं वाढलेलाच असतो. आणि ती सगळी वाढ संध्याकाळची. सकाळ उलट आठ मिनिटांनी आणखी आखडलेली. सकाळचं दुखणं कुणाचं? पुन्हा घरातल्या बाईचं. दोन घडी पाळणाऱ्या घरात जानेवारीत तोंडात घास जायला ७.५१ होतात. डबे भरून, पोरं शाळेत पाठवून, साडेसातची बस गाठणारी सून काय करते? उपाशी जाते. ऑफिसात अकराला चहाबरोबर काहीतरी खाते. घरचे म्हणतात, "आमच्या सुनेला सकाळी भूक नसते."

आमच्या पोरी कुठे कुठे दिल्या आहेत ते बघा आणि या वेळांचा विचार करा. २१ डिसेंबरला ग्वाल्हेरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. इंदूर आणि हैदराबाद दोन्हीकडे पावणेसहाच्या सुमारास, पण हैदराबादला तो ६.४१ ला उगवलेला असतो आणि इंदूरला ७.०२ ला. वडोदऱ्याला ५.५८ ला मावळतो, पण उगवतो ७.१२ ला. माझी मुलगी हैदराबादला आहे. पहिल्या वर्षी तिने फोनवर रडत सांगितलं होतं, "आई, इथे मी घरी पोचेपर्यंत अंधार होतो, आणि सगळे म्हणतात बेळगावची पोरगी आळशी आहे." आळशी नव्हती हो ती. माहेरच्या सूर्याची सवय होती तिला. जवळजवळ वीस मिनिटं आधी मावळणाऱ्या सूर्याखाली नेऊन बसवलं आणि कुणी सांगितलंच नाही.

यावर जी उत्तरं मला मिळाली, तीही प्रामाणिकपणे मांडते.

पहिलं उत्तर: "थोडं आधी थांबलं तर दोष काय? शास्त्रात तर सूर्यास्ताच्या दोन घडी आधीच थांबावं असं सांगितलंय." बरोबर आहे. जो पाळेल त्याला माझा नमस्कार. पण मग हिशेब नीट करा. ५.५८ मधून ४८ मिनिटं वजा केली की ५.१० उरतात. त्या आजेसासूबाईंच्या घरातले किती पुरुष ५.१० ला पाटावर बसतात? एकही नाही. साडेपाचला दुकान बंद करून येतात, हात-पाय धुतात, आरामात जेवतात. दोन घडींचा नियम आठवतो तो फक्त शेवटी बसणारीला उठवताना. व्रत हे आपलं आपण घ्यायचं असतं, अण्णा. दुसऱ्याच्या पोटावर घेतलं की त्याला व्रत म्हणत नाहीत.

दुसरं उत्तर: "धर्मात घड्याळ-भूगोल आणू नका. श्रद्धेने पाळावं." अहो, घड्याळ मी आणलं की तुम्ही? मी तर ऊन बघा म्हणते आहे! तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतली एक आहे आलोकितपानभोजन. म्हणजे उजेडात, नीट बघून खाणं-पिणं. अमृतचंद्राचार्यांच्या पुरुषार्थसिद्ध्युपायातही रात्रिभोजनाचा विचार हिंसेच्या अंगानेच आला आहे. मुद्दा जिवांचा आहे. दिसावं, जीव वाचावा, हा आहे. शास्त्राने आपल्याला डोळे उघडे ठेवायला सांगितलं, आणि आपण परसातलं ऊन नाकारून दुसऱ्या गावाचा कागद धरला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ज्या व्रताचा पायाच कुणाला पीडा होऊ नये हा, त्या व्रताच्या नावाखाली अंगावर पाजणाऱ्या पोरीला उपाशी झोपवलं. मुंगीला वाचवलं आणि माणूस विसरलो.

तिसरं उत्तर बायकांचं, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. "आम्ही नाही का काढलं? आमच्या सासवांनी आम्हाला असंच वागवलं. आता या पोरींनाच काय झालंय?" माझ्या वयाच्या बायांनो, काढलं आपण, खरं आहे. मीही काढलं. पहिल्या बाळंतपणानंतर कितीदा तरी मी झाकलेलं ताट सकाळी गाईपुढे ठेवलं आहे. पण आपण काढलं याचा अर्थ ते बरोबर होतं असा होत नाही. आपल्याला कुणी ऊन दाखवलं नाही. आता आपल्याला ते दिसतं आहे, तर आपण दाखवायला नको का? त्या आजेसासूबाई वाईट नाहीत. त्यांना कागदावर विश्वास ठेवायला शिकवलं, स्वतःच्या डोळ्यांवर नाही. पण मी तर डोळ्यांनी बघितलं होतं. परसात उभी होते. आत येऊन चार शब्द बोलले असते, "काकू, बेळगावचा दिवस अजून आहे, तिला जेवू द्या," तर काय बिघडलं असतं? मोठी जाऊ म्हणून माझा मान थोडा कमी झाला असता. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. या सगळ्या प्रकरणात मला आजींपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

म्हणून आता गप्प बसणार नाही. माझं म्हणणं चार गोष्टींचं आहे.

एक. बस्तीत ज्या गावची बस्ती त्याच गावच्या वेळा लावा. बेळगावला बेळगावच्या, निपाणीला निपाणीच्या. इंदूरचा कागद इंदूरला शोभतो. पंचांग बघून वर्षाचं कोष्टक लिहून द्यायला मी तयार आहे, समितीने फक्त एक खिळा द्यावा. आणि कोष्टकात २२ नोव्हेंबर आणि २२ जानेवारी या दोन तारखा लाल शाईने लिहाव्यात. एक सर्वांत लवकर सूर्यास्ताची, एक सर्वांत उशिरा सूर्योदयाची. घरातल्या बाईला त्या दोन तारखा २१ डिसेंबरपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

दोन. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातल्या संध्याकाळच्या पंगतीत स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बायकांची पंगत त्यागींनंतर लगेच बसवा. वाढायला पुरुष उभे राहतील. हात सर्वांना दिलेले आहेत. भाषणं जेवणानंतर करा, अंधारात भाषण केल्याने कुठलाही जीव मरत नाही.

तीन. घरात "दिवस बुडायच्या आत जेवण" याचा अर्थ शेवटच्या माणसाचं जेवण, पहिल्याचं नव्हे. जोवर घरातली चूल सांभाळणारी जेवली नाही, तोवर त्या घराने व्रत पाळलं असं म्हणू नये. नवऱ्याने आणि मुलाने आपलं ताट आपण वाढून घेतलं तर पंधरा मिनिटं वाचतात. करून बघा. ज्याला भाकरी थापता येत नाही, त्याला आमटी वाढता येते आणि लेकरू घेता येतं.

चार. पाजणारी, गर्भार, आजारी आणि म्हातारी यांना कुणीही ताटावरून उठवू नये. तिचं व्रत तिचं आहे, ती आणि तिचं मन बघून घेतील. आपण फार तर तिला वेळेत वाढावं.

समितीच्या अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बघूया." कागद अजून भिंतीवरच आहे. त्यावरच्या इंदूर या शब्दाखाली मी पेनाने एक ठळक रेघ मारून आले आहे. कुणाला राग आला असेल तर येऊ दे.

त्या पोरीकडेही गेले होते. लेकरू आता रांगतं. तिच्याशी मी सरळ बोलले, म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं गं, चुकले." ती हसली आणि म्हणाली, "काकू, त्या दिवशी मला वाटलं माझंच घड्याळ चुकतंय." नाही, बाळ. तुझं घड्याळ चुकलं नव्हतं, आणि तुझे डोळेही नव्हते.

येत्या कार्तिकात, बायांनो, संध्याकाळी पाच वाजता एकदा परसदारी जाऊन या. सूर्य किती वर आहे ते बघा. मग आत या आणि घरात सर्वांत शेवटी जी जेवते तिला आधी बसवा.